ध्रुवपद परत येतं तेव्हा

गाण्याचा व्हिडिओ नुसता देखणा झालाय की त्यातून गाणं उलगडलंय, हे ओळखायचं असेल तर ध्रुवपदाकडे बघावं. अंतऱ्यात प्रत्येक ओळ नवी असते, त्यामुळे कॅमेऱ्याला काही ना काही सापडतंच. ध्रुवपद मात्र तेच शब्द आणि तीच चाल घेऊन तीन-चार वेळा येतं. ऐकणाऱ्याला ते दर वेळी निराळं लागतं, कारण मधल्या अंतऱ्याने त्याला काहीतरी सांगितलेलं असतं. बघणाऱ्यालाही ते निराळं लागायला हवं. नेमकं इथेच बहुतेक व्हिडिओ हात टेकतात. पहिल्या ध्रुवपदाचे उरलेले शॉट दुसऱ्यात, दुसऱ्याचे उरलेले तिसऱ्यात, आणि शेवटी ड्रोन वर जातो.

सोलापुरात गाण्यांच्या व्हिडिओंना तोटा नाही. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तिन्ही जवळ, म्हणून भक्तिगीतं बारमाही. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की त्यांची गाणी. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि दखनी आहेतच. गाणारे गळे चांगले आहेत, कॅमेरेही आता चांगले आलेत. कमी पडतो तो चित्रीकरणाआधीचा विचार. शब्दात चंद्र आला की चंद्र, पाऊस आला की पाऊस, वाट आली की लांबच लांब जाणारी वाट. कान जे आधीच सांगून गेला तेच डोळा पुन्हा सांगतो आणि गाणं होतं तेवढंच राहतं.

ही सवय सिनेमातून आली असं म्हटलं जातं, पण ते सिनेमावर अन्याय करणारं आहे. आपल्याकडे १९३५ पासून पार्श्वगायन आहे, म्हणजे गाण्याचं चित्रीकरण आपल्याला नवं नाही. पण सिनेमात गाणं सुरू होण्याआधी तासभर गोष्ट होऊन गेलेली असते. कोण गातंय, कोणासाठी, का, हे सगळं ठाऊक असतं. त्यामुळे तिथे झाडाला टेकून उभं राहिलं तरी अर्थ पोचतो. सुट्या गाण्याच्या व्हिडिओला तो आधार नाही. चार मिनिटांत माणूस, जागा, नातं आणि त्यातला बदल, सगळं उभं करायचं असतं. म्हणून सिनेमाची नुसती पोज उचलून चालत नाही, त्याचं तंत्र उचलावं लागतं.

एक कल्पनेतलं गाणं घेऊ. ध्रुवपद: ‘आई, दार लावू नको, मी येते.’ गाणारी मुलगी नोकरीला पुण्यात, आई सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी. पहिल्या अंतऱ्यात लहानपणचं घर, दुसऱ्यात पुण्यातली खोली आणि कामाच्या पाळ्या. तिसऱ्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा मुलगी आज काही येत नाही, हे ऐकणाऱ्याला कळून चुकलेलं असतं. शब्द मात्र तेच: मी येते.

उघडणारं दार, बसमधून उतरणारी मुलगी, डोळे पुसणारी आई, हा सगळ्यात सोपा व्हिडिओ. मी यातली मुलगी दाखवणारच नाही. तिचा फक्त आवाज. त्यामुळे दर ध्रुवपदाला प्रश्न एकच उरतो, आई हे वाक्य कसं ऐकतेय? आणि त्यासाठी तीनही वेळा चौकट एकच ठेवायची. आईच्या मांडीवरचं सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, वळणारे हात, डाव्या कडेला दारातून आत आलेला उन्हाचा पट्टा. चेहरा नाही.

दार पश्चिमेचं असलं तर निम्मं काम ऊन करतं. सूर्य खाली येतो तसा उन्हाचा पट्टा खोलीत आत-आत सरकतो. मार्चअखेरीस सोलापुरात साडेसहा-पावणेसातला सूर्यास्त धरला तर पहिलं ध्रुवपद साडेचारच्या सुमारास घ्यावं, ऊन उंबऱ्यापाशी असताना. दुसरं सहाच्या आत, ऊन सुपापर्यंत आलेलं. त्यातच कोणीतरी दारावरून जावं, सुपावरून सावली सरकावी आणि ‘मी येते’वर हात एका ठोक्यापुरते थांबावेत. तिसरं अंधारात, बल्बच्या उजेडात. दार उघडंच आहे, बाहेर काळोख आहे आणि या वेळी सावली गेली तरी हात थांबत नाहीत. बस. एवढ्यात गाण्याचा अर्थ बदलून जातो आणि एकही जादा शब्द लागत नाही.

पण ‘चौकट एकच’ हे बोलायला सोपं आहे. दोन तासांत स्टँड कोणीतरी हलवतंच. तीन पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. लेन्स, उंची, फोकसचं अंतर, एफ नंबर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) वहीत लिहावा आणि पहिल्या शॉटचा फोटो मोबाईलवर ठेवून दुसरा लावताना ताडून बघावा. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (पांढऱ्याची छटा) ऑटोवर ठेवला की सगळं मुसळ केरात. कॅमेरा आपल्या बुद्धीने अंधार उजळतो, पिवळा बल्ब पांढरा करतो आणि जो फरक दाखवायला आपण दिवसभर बसलो तोच पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स तिन्ही वेळा ५६०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, अडकवून ठेवावा, म्हणजे रात्रीचा बल्ब पिवळाच दिसेल. बल्ब स्वस्तातला एलईडी असेल तर आधी तपासावा. त्यातले काही कॅमेऱ्यात लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही. विडी वळणाऱ्या बाईंना ताल सांगू नये. पान फर्म्यावर कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा गुंडाळणं, तोंड मुडपणं यांची त्यांच्या हाताला स्वतःची लय असते. ती गाण्याच्या तालाशी जुळवायला गेलं की हात अवघडतात, आणि खऱ्या विड्या वळणाऱ्यांच्या शहरात ते प्रत्येकाला कळतं.

दुसरा मार्ग लेन्सचा. हा भक्तिगीताला चांगला लागू पडतो, कारण तिथे बदल गोष्टीत नसतो, भावात असतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर गायक उभा आहे आणि पाठीमागे पाण्यातलं मंदिर. पहिल्या ध्रुवपदाला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, गायक १.२ मीटरवर. मंदिर मागे इवलंसं दिसतं. दुसऱ्याला ५० मिलिमीटर, अंतर अडीच मीटर. तिसऱ्याला ८५ मिलिमीटर, अंतर सव्वाचार मीटर. लेन्स वाढेल त्या प्रमाणात अंतर वाढवल्यामुळे गायकाचा चेहरा तिन्ही वेळा तेवढाच राहतो, पण दूरचं मंदिर पहिल्यापेक्षा साधारण साडेतीन पट मोठं होऊन त्याच्या खांद्यामागे येऊन उभं राहतं. बघणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. देव जवळ आला एवढं मात्र जाणवतं.

यात हमखास होणारी चूक म्हणजे पार्श्वभूमी धूसर करणं. ८५ची लेन्स हातात आली की एफ १.८ वर जायचा मोह होतो, मग मंदिराचा नुसता रंगीत धूर होतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. एफ ८ च्या आसपास राहावं. उन्हाचं गणितही आधीच मांडावं. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर १/५० सेकंद आणि एफ ८ ठेवलं तर चित्र सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजळ येतं, म्हणून एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी काच, लागतो. तो नसला की मंडळी शटर १/३२०० वर नेतात. चित्र बरोबर उजळतं, पण हालचालीतला मऊपणा जातो, उपरणं आणि पाणी तुटक-तुटक हलायला लागतं. संथ भजनावर ते फार खुपतं.

आता तालाकडे. संकलक ‘बीटवर कापलंय’ असं अभिमानाने सांगतात, तेव्हा मला थोडी काळजी वाटते. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीचं गाणं असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेम. हा हिशोब यायलाच हवा. पण दर १५ फ्रेमला कट दिला की दहा सेकंदांत डोळा पुढचा कट ओळखायला लागतो आणि एकदा ओळखला की बघणं थांबतं. कट समेवर द्यायचा असेल तर एक-दोन फ्रेम आधी द्यावा, म्हणजे ठोका पडेपर्यंत नवं चित्र डोळ्यात बसलेलं असतं. आणि निम्मे कट तालावर न देता श्वासावर द्यावेत. गायक ओळ उचलण्याआधी जो श्वास घेतो तिथे चेहरा आला तर ती ओळ त्या माणसाची होते. बरेच लोक मिक्सिंगमध्ये श्वास पुसून टाकतात. व्हिडिओ होणार असेल तर ते पुसू नयेत, असं ध्वनिमुद्रणालाच सांगून ठेवावं.

सोलापूरवर गाणं म्हटलं की यंत्रमाग येणारच. मागाला स्वतःचा ठोका असतो आणि तो गाण्याशी भांडतो. धोटा (आडवा धागा नेणारा) इकडून तिकडे जाताना दिसतो एका लयीत, ढोलकी वाजते दुसऱ्या लयीत, आणि चित्र कुठेतरी घसरतंय असं वाटत राहतं. उपाय आहे. मोबाईलवरच्या मेट्रोनोमने मागाचे ठोके मोजावेत. समजा मिनिटाला १२० आले आणि गाणं १०० चं आहे. मग तो शॉट ३० फ्रेमने घ्यावा आणि २५ च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम लावावा. १२० चे बरोबर १०० होतात. हा फरक इतका थोडा असतो की कोणाला स्लो मोशन वाटत नाही, पण धोटा ढोलकीबरोबर जायला लागतो. पन्नास फ्रेमने घेऊन नंतर कॉम्प्युटरवर हवा तो वेग देऊ, हा शॉर्टकट फसतो. दर पाच फ्रेममधून तीन असा हिशोब येतो आणि धोटा अडखळत जातो.

मागाचा वेग तंतोतंत नसतो, हेही धरून चालावं. तो १२० ऐवजी ११८ निघाला तर आठ ठोक्यांत दोन फ्रेमचा फरक पडतो, म्हणून असा शॉट पाच सेकंदांच्या आत संपवावा. शेडचा पूर्ण शॉट जुळवायच्या भानगडीत पडूच नये. तिथे प्रत्येक माग आपल्या वेगाने चाललेला असतो. जुळवायचा तो एकच धोटा, नाहीतर एकाच मागाची फणी, जवळून. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. शटर त्याहून वेगवान केलं की चित्रावर काळे पट्टे वर-खाली फिरतात आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत. जमीन थरथरत असते, म्हणून स्टँडच्या पायांखाली टॉवेलच्या जाड घड्या घालाव्यात, नाहीतर चित्रातल्या सरळ रेषा थुलथुलतात. आणि शेडमध्ये लेन्स बदलू नये. हवेतले कापसाचे तंतू सेन्सरवर बसतात. शेडमध्ये ते दिसत नाहीत. दिसतात दुसऱ्या दिवशी, बाहेर आकाश घेताना एफ ११ वर.

त्याच शेडमध्ये गाणाऱ्याचे ओठ जुळवायचे तर स्पीकरचा उपयोग नाही, काही ऐकूच येत नाही. माग बंद करावेत तर मागचं चित्र मरतं. केसांखाली किंवा पदराखाली लपणारा इअरफोन हा खरा मार्ग. ब्लूटूथ असेल तर आवाज थोडा उशिरा पोचतो, कधी चार-पाच फ्रेम. उशीर साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे नंतर एकदाच सरकवून घेता येतो. अडचण एवढीच की कॅमेऱ्याच्या माइकवर फक्त खडखडाट असतो, जुळवायला खूण नसते. म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला गाण्याचा चालू वेळ दाखवणारा टॅबलेट कॅमेऱ्यासमोर धरावा, आणि शेवटची तपासणी प, ब, भ, म या अक्षरांवर करावी. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. ‘पंढरी’ किंवा ‘माउली’ ऐकू येताना ओठ उघडे दिसले की प्रेक्षकाला चूक सांगता आली नाही तरी गाणारा खोटा वाटतो. आवाज ओठांच्या किंचित मागून आला तर चालून जातं, आधी आला की लगेच खटकतं.

मोकळ्या जागेत उलटी गंमत. आवाज एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर जातो. तलावाच्या काठी स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायक ४० मीटरवर असेल तर त्याचे ओठ तीन फ्रेम मागे पडतात. स्पीकर नेहमी गाणाऱ्याच्या पायाशी, चौकटीच्या जरा बाहेर. मोबाईलवर चित्रीकरण असेल तर फ्रेमरेट स्थिर ठेवणारं ॲप वापरावं, कारण मोबाईल उजेड कमी झाला की गुपचूप फ्रेमरेट बदलतो. सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेमची सरमिसळही तशीच घातक. चार मिनिटांच्या गाण्यात सुरुवात जुळते आणि शेवटी जवळजवळ सहा फ्रेमची फट पडते. आणि सगळ्याच्या आधी एक अट: अंतिम मिक्स हातात आल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. लय नंतर ‘जराशी वाढवली’ तर गाणाऱ्याचा एकही शॉट उपयोगाचा राहत नाही. प्लेबॅकची फाइल ४८ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही घ्यावी, व्हॉट्सॲपवर फिरलेली नको.

गाणाऱ्याचं स्लो मोशन सगळ्यांना हवं असतं. ५० फ्रेमने घ्यायचं तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्यावर ओठ हलवावे लागतात. शब्द दाटीने आले असतील तर ते माणसाला जमत नाही. ३० फ्रेम आणि १२० टक्के वेग जमतो, आणि तेवढ्याने कपडे-केसांना जे तरंगतेपण येतं ते पुरेसं असतं.

तंत्र गाण्यातूनच उगवलं म्हणजे काय होतं, याची दोन उदाहरणं मला फार आवडतात, दोन्ही २००२ ची. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘द सायंटिस्ट’ या गाण्यात पुन्हा सुरुवातीला परतायची इच्छा आहे. व्हिडिओ सगळा उलटा चालतो आणि गायक ख्रिस मार्टिन त्यात सरळ गाताना दिसतो. त्यासाठी त्याने गाणं उलट्या उच्चारांत पाठ केलं होतं. मराठीत हे करायचं तर अक्षरं उलटी लावून भागत नाही, ध्वनीच उलटा ऐकून पाठ करावा लागतो. घ, भ यांतला श्वास आधी येतो आणि मग वर्ण. अर्ध्या वेगाने ऐकून सुरुवात करावी. पण गाण्यात मागे फिरणं नसेल तर हे तंत्र वापरू नये, ती नुसती कसरत होते.

दुसरं मिशेल गॉन्द्री या दिग्दर्शकाचं. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश संगीतकार जोडीच्या ‘स्टार गिटार’साठी त्याने आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं दृश्य असं रचलं की प्रत्येक आवाजाला बाहेरची एक वस्तू नेमून दिली. तो आवाज आला की ती वस्तू खिडकीतून सरकते. सोलापूर-कुर्डुवाडी मार्गावर बसून याचा विचार करायला फार मजा येते. गाडी ताशी ९० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. विजेच्या तारांच्या खांबांत साठेक मीटर अंतर धरलं तर दर २.४ सेकंदांना एक खांब, १०० च्या लयीत बरोबर चार ठोके. केरव्याचं एकेक आवर्तन खांबाने मोजता येतं. मध्ये ज्वारी, ऊस, सिग्नल, फाटकाशी उभी माणसं. वळणावर खांब जवळ-जवळ येतात, तिथे हिशोब मोडतो, ते तुकडे सोडून द्यावेत. वातानुकूलित डब्याच्या काचेत आतले दिवे दिसतात, म्हणून लेन्सभोवती काळं कापड धरावं. मोबाईलमध्ये जवळचे खांब तिरके दिसतात, तेव्हा चांगल्या सेन्सरचा कॅमेरा असला तर उत्तम.

काही ठिकाणी मात्र रचायला जाऊच नये. गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक ही कोणाच्या गाण्यासाठी थांबत नाही, थांबूही नये. तिथे ओठ जुळवणं, पुन्हा टेक, काही नाही. जे मिळेल ते माहितीपटासारखं घ्यायचं. सगळे कॅमेरे वर, काठीच्या टोकाकडे बघतात. पण भार कळतो तो खाली, पेलणाऱ्याच्या कमरेत, टाचेत, गुडघ्यात. लांब लेन्सने कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवून पाय घ्यावेत, आणि गाण्यात जिथे गायकाचा दम कसाला लागतो तिथे ते लावावेत. पांढऱ्या बाराबंदीवर ऊन आदळतं, म्हणून एक्स्पोजर कापडावर धरावं. चेहरे थोडे काळे आले तर नंतर उजळता येतात, जळलेलं पांढरं परत आणता येत नाही.

संकलन झाल्यावर मी एक परीक्षा सुचवेन. व्हिडिओचा आवाज बंद करून त्याखाली त्याच लयीचं दुसरं गाणं लावावं. तितकंच शोभून दिसलं तर व्हिडिओ लयीचा झालाय, गाण्याचा नाही. मग परत ध्रुवपदांकडे जावं, तिन्ही शेजारी-शेजारी लावून बघावीत आणि तिसरं पाहताना पहिलं आठवतंय का ते स्वतःला विचारावं.

राहिलं उभ्या चौकटीचं. आता गाण्याचे तुकडे रील म्हणूनच आधी पोचतात. ३८४० बाय २१६० च्या आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला तर रुंदीचे फक्त १२१५ पिक्सेल उरतात. मध्यभागी गाणारा माणूस असेल तर भागतं. विडीवाल्या आईच्या चौकटीत मात्र हात मध्ये आणि ऊन डाव्या कडेला आहे. उभं कापलं की ऊनच जातं आणि तिन्ही ध्रुवपदं एकसारखी दिसतात. त्यामुळे उभी चौकट वेगळी घ्यावी. कॅमेरा वरून तिरका, सूप खाली, उंबरा वर, आणि ऊन वरून खाली सरकत येतंय. त्यासाठी दुसरा स्टँड आणि दुसऱ्या खुणा लागतील. ऊन कोणासाठी थांबत नाही, म्हणून दोन्ही कॅमेरे साडेचारला एकदमच सुरू करावेत.